गाडी ग्रिनिचला, आम्ही कळंबला

गाडीची डिलिव्हरी देताना शोरूममधल्या मुलाने मला पंचेचाळीस मिनिटं सगळं समजावून सांगितलं आणि मी पंचेचाळीस मिनिटं मान हलवली. शाळेत भूमितीच्या तासालाही मी अशीच मान हलवत असे. निकालही तोच लागला.

"हे बघा काका, इथे प्रेस केलं की फोन. लाँग प्रेस केलं की व्हॉइस कमांड. डबल प्रेस केलं की..."

"हो हो."

"समजलं ना?"

"समजलं की."

समजलं एवढंच, की या गाडीत बटणं कमी आणि ती दाबायच्या तऱ्हा जास्त. बायको माझ्यापेक्षा व्यवहारी. तिने एकच प्रश्न विचारला, "डिकी कशी उघडायची?" मुलगा म्हणाला, "ते लास्टला सांगतो, मॅडम." लास्टला केक आला, पुठ्ठ्याची भलीमोठी चावी हातात देऊन फोटो निघाला, दिवाळी पाडव्याच्या मुहूर्तावर मागे आणखी चार गाड्या ताटकळत होत्या, आणि डिकीचं राहून गेलं. पुढचे तीन दिवस आम्ही सामान मागच्या सीटवर ठेवत होतो आणि शेजाऱ्यांना सांगत होतो, की नव्या गाडीची डिकी लगेच वापरू नये.

घड्याळाचंही तसंच झालं. माझ्या मनगटावरच्या, पट्टा तुटायला आलेल्या जुन्या डिजिटल घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. गाडीच्या पडद्यावर चार चाळीस.

"ते ऑटोमॅटिक होतं काका. सॅटेलाइटवरून घेते गाडी."

घेतलं खरं, पण ग्रिनिचचं घेतलं. मिर्झापूरजवळून जाणारं 82.5 अंशांचं रेखावृत्त आपली प्रमाणवेळ ठरवतं आणि ती ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे असते, हे आम्ही चौथीत की पाचवीत घोकलं होतं. ते गाडीला कुणी घोकायला लावलेलं नव्हतं. वेळेचा विभाग बदलायची सोय पडद्यावर कुठेतरी आहे, असं मला भेटलेला प्रत्येक जण सांगतो. एकदा सापडलीशी वाटली म्हणून दाबलं, तर गाडीची भाषाच बदलली आणि सगळ्या पडद्यावर कसल्याशा परक्या लिपीची रांगोळी उमटली. ती पुसायला मुलाला कॉलेजचे दोन तास बुडवावे लागले. तेव्हापासून माझा त्या भागात प्रवेश बंद आहे.

बाबांची फियाट अशी नव्हती. 1979 ची पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातली. गिअर स्टिअरिंगच्या दांडीला. सकाळी चोक ओढायचा, नाहीच चालू झाली तर उतरून ढकलायची आणि ढकलणाऱ्यांना चहा पाजायचा. इलेक्ट्रॉनिक म्हणावं असं तिच्यात काहीच नव्हतं. पुढे लॅमिंग्टन रोडवरून बाबांनी कॅसेट प्लेअर आणून बसवला तेवढाच. त्यातही कॅसेटची फीत गुंतली तर पेन्सिल घालून गुंडाळायची, एवढंच तंत्रज्ञान. एका फियाटची चावी दुसऱ्या फियाटला लागते, असं तेव्हा लोक म्हणत. बाबांनी ते सिद्ध केलं. आगाशीच्या एका लग्नाहून येताना ते निर्मळपर्यंत आले, सिगारेटच्या पाकिटाकडे हात गेला आणि हाताला कुणाची तरी कवळी लागली. मागे जाऊन त्यांनी ती गाडी होती तिथे लावली, आपली काढली. तिकडे कुणाला काही कळलंही नव्हतं. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली, तेव्हा पेपरातला फोटो बघून आईने विचारलं, "आपली का रे ही?" आमची पांढरी होती. पण तिचा प्रश्न चुकीचा म्हणवेना.

तर नवी गाडी वसईतल्या कळंबला, आमच्या अंगणात आली. इंजिन बंद कसं करायचं ते मला ठाऊक होतं, बंद केल्यावर पुन्हा चालू होईल याची खात्री नव्हती. त्यामुळे पूजा चालू गाडीचीच झाली. लंडनला शिकणारी भाची व्हिडिओ कॉलवर होती. आई ताट घेऊन बोनेटसमोर उभी राहिली आणि ताट जरा पुढे नेलं, तर गाडी म्हणाली, टिं. आणखी पुढे नेलं, टिं टिं. निरांजन अगदी बंपरशी आलं तेव्हा टिंटिंटिंटिं. आई क्षणभर थांबली, आणि मग तिने त्या तालावर ओवाळायला सुरुवात केली. ओट्यावरून शेजारच्या काकी म्हणाल्या, "बाई गं! घंटापण गाडीतच दिली?"

मुलाने शास्त्र सांगायला घेतलं. बंपरमधले सेन्सर आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडतात, तो समोरच्या वस्तूवर आपटून परत आला की गाडीला अंतर कळतं. "वटवाघळासारखं, आजी." आजीने त्याच्या पाठीत धपाटा घातला. नव्या गाडीसमोर वटवाघळाचं नाव!

भाचीला मी कौतुकाने आतला पडदा दाखवला. ती जांभई देत म्हणाली, "मामा, साडेसहा. घड्याळ बरोबर आहे की." तिच्याकडे साडेसहाच वाजले होते. आम्ही हसलो. आई हसली नाही, तिने चष्मा लावून पडद्याकडे नीट बघितलं. तेव्हा माझं तिकडे लक्ष गेलं नाही.

त्या दिवसापासून गाडी जी बोलू लागली ती अजून बोलतेच आहे. दार नीट लागलं नाही, टिं. पट्टा लावला नाही, टिं. चावी आत राहिली, टिं. हवा कमी, टिं. मला सगळे टिं सारखेच. मी तीनशे-चारशे पानांचं माहितीपुस्तक मांडीवर घेऊन बसायचो. त्यात कुठल्याही पानाची सुरुवात एखाद्या त्रिकोणी चिन्हाने आणि गंभीर इजा किंवा मृत्यू या शब्दांनी होते. रेडिओ कसा लावावा याच्याही आधी मृत्यू आहेच. आईने ते पुस्तक उघडलं नाही. तिने तीन मुलं आणि दिराची दोन अशी पाच वाढवली आहेत. तिचं शास्त्र वेगळं. "पोर रडलं की आधी भूक बघायची, मग ओलं, मग अंगाखाली मुंगी आहे का ते. ही भुकेने रडत नाही. भुकेला एक दिवा लागतो, तो पिवळा. हे मुंगीचं रडणं आहे."

मुंगी निघाली ती अशी. विरारला बहिणीकडे वाडीतला वेलची केळ्यांचा एक लोंगर न्यायचा होता. डिकीची विद्या तोवर आली होती, पण लोंगर दबेल म्हणून माझ्या शेजारच्या सीटवर ठेवला. आई मागे बसली. निघालो आणि गाडीने हंबरडा फोडला. माझा पट्टा लावलेला, दारं लागलेली, हवा भरलेली. गास गावापर्यंत मी तीनदा थांबून चारही दारं आपटली. तिसऱ्यांदा आपटली तेव्हा एका घरातून म्हातारी बाहेर आली आणि "काय झालं, भांडण का?" असं विचारून गेली. शेवटी आई मागून वाकली, पट्टा ओढला, लोंगराच्या पोटावरून घेतला आणि खटकन लावला. गाडी गप्प.

"बसलंय ते. त्याला वजन लागतं," आई म्हणाली.

खरंच तसं असतं. सीटखाली वजन ओळखणारी चकती असते. वजनदार काही बसलं की गाडीला ते माणूस वाटतं. 1 जुलै 2019 पासून बनणाऱ्या प्रत्येक नव्या गाडीला पुढच्या दोघांच्या पट्ट्याची आठवण द्यावीच लागते, तसा सरकारी नियम आहे. त्याच नियमाने ताशी 80 च्या वर गेलात तर गाडी टोकते आणि 120 च्या वर गेलात तर टोकायची थांबतच नाही. हा भाग मला नुसता वाचून माहीत आहे. कळंब-नालासोपारा रस्त्यावर 80 गाठायचे तर ते वयानेच. आईने गाठले आहेत. विरारला बहिणीच्या सोसायटीच्या वॉचमनने पट्टा बांधून बसलेली केळी बघितली आणि सलाम ठोकला.

मागे काय आहे ते पडद्यावर दिसतं, हे या गाडीचं सगळ्यात मोठं सुख म्हणून आम्हाला सांगितलं होतं. आमच्या वाडीत मात्र सुखाची तऱ्हा निराळी. मागे कोंबडी आली तरी गाडी किंचाळते. गवताचं उंच पातं वाऱ्याने हललं तरी किंचाळते. अळवाच्या पानाला तर ती ट्रक समजते. एका संध्याकाळी मी पडद्यात बघत, त्या हिरव्या-पिवळ्या-लाल रेघांच्या मधोमध, अगदी सरळ मागे येत होतो. कसलाही टिं नाही. इतकी शांतता की मला स्वतःच्या ड्रायव्हिंगचं कौतुक वाटू लागलं. तेवढ्यात आई केळीतून ओरडली, "अरे मेल्या, बावखल!"

वसईबाहेरच्यांसाठी सांगतो, बावखल म्हणजे वाडीतलं तळं. पावसाचं गोडं पाणी त्यात साठतं, बागायत त्यावर जगते आणि आसपासच्या विहिरी गोड राहतात. आमच्या पूर्वजांनी खोदून ठेवलं, ते माझ्या गाडीसाठी खचितच नाही. उतरून बघितलं तर मागचं चाक काठापासून वीतभर. गाडीने तोंड उघडलं नव्हतं, कारण तिचा आवाज आपटायला समोर काही हवं. खड्ड्यावर काय आपटणार? अडथळा असेल तर ती बोंबलते, नुसता सर्वनाश असेल तर बोलत नाही. पडद्यावरच्या पाण्यात तर संध्याकाळचं आकाश पडलं होतं, इतकं सुंदर, की तो मला नवा वॉलपेपर वाटला होता.

तोवर मी मुंबईहून येणाऱ्या रविवारच्या पाहुण्यांना हसत असे. कळंबच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनापर्यंत गाडी आणावी, इथवर ठीक. काही जण फोटोसाठी थेट ओल्या वाळूत उतरवतात. चाकं रुतली की आत बसून पडदा चाळतात, कुठे वाळूचं बटण आहे का ते बघतात. मागे भरती चढत असते. ती पडद्यावर येत नाही. मग दोर शोधायला पोरं धावतात, आणि आमच्यासारखे ओट्यावरचे लोक वेळापत्रक तोंडपाठ असल्यासारखे सांगतात, "अर्धा तास आहे अजून." बावखलाच्या प्रसंगानंतर मी दोर घेऊन धावणाऱ्यांत जातो.

गाडीशी बोलता येतं म्हणतात. मला येत नाही. पहिल्या प्रयत्नात मी तिला शुद्ध आवाजात सांगितलं, "कळंबला चल." ती हिंदीत म्हणाली, "कलंब के लिए रास्ता दिखा रही हूँ," आणि रस्ता दाखवला तो धाराशिव जिल्ह्यातल्या कळंबचा. चारशेवर किलोमीटर. मी तेव्हा निर्मळ नाक्यावर उभा होतो, पाच मिनिटांवर घर. पुन्हा सांगितलं, आवाज चढवून. आवाज चढवल्यावर ती यवतमाळच्या कळंबला निघाली. तिथल्या चिंतामणी गणपतीबद्दल मला आदरच आहे, पण गाडीत मासळी होती. तिसऱ्यांदा मी इतक्या जोरात ओरडलो की रिक्षावाले वळून बघू लागले, आणि तिने नम्रपणे कळंबोली सुचवलं. कळंब म्हणजे कदंबाचं झाड. पूर्वजांनी जिथे झाड दिसलं तिथे तेच नाव ठेवून दिलं. पुढे गाडीला सांगावं लागेल, हे त्यांना काय ठाऊक! आंबेगावातही एक कळंब आहे, कर्जतकडेही आहे. आईने विचारलं, "तुला येतो ना रस्ता?" येत होता. पन्नास वर्षं येत होता.

ब्लूटूथची गोष्ट मात्र अजून घरात मोठ्याने बोलली जात नाही. ब्लूटूथ हे नाव दहाव्या शतकातल्या हाराल्ड नावाच्या डेन्मार्कच्या राजावरून आलं. फुटलेल्या टोळ्या त्याने एका छत्राखाली आणल्या, म्हणून हजार वर्षांनी निरनिराळी यंत्रं जोडणाऱ्या तंत्राला त्याचं टोपणनाव मिळालं. ते चिन्हही त्याच्या नावाच्या दोन जुन्या आद्याक्षरांचं मिळून केलेलं आहे. राजा असेल थोर. पण त्याने टोळ्या जोडताना त्यांना एकदा तरी विचारलं असणार. आमची गाडी विचारत नाही. माझा, हिचा आणि मुलाचा, तिन्ही फोन तिने एकदा ओळखले, आणि आता जो आधी घावेल त्याला धरते.

एका दुपारी मुलगा अंगणात गाडी पुसत होता. पुसताना गाणी हवीत म्हणून गाडी चालू, खिडक्या उघड्या. मी आत पलंगावर. ताईचा फोन आला. उचलला. "हॅलो." काहीच ऐकू येईना. "हॅलो, हॅलो, अगं बोल ना!" ताई बोलतच होती, पण अंगणात. चार स्पीकरांतून, गाण्यापेक्षा मोठ्याने. समोर ओट्यावर काकी सुके बोंबील निवडत बसल्या होत्या.

"...आणि काय रे, तुमच्या त्या काकी! हळदीकुंकवाला प्लास्टिकचा डबा दिला, त्यावर गेल्या वर्षीचं स्टिकर! मीच दिलेला डबा मला परत!"

मी धावत बाहेर आलो तोवर स्टिकरवर काय लिहिलं होतं हेही सांगून झालं होतं. मुलगा पडद्यावर बोटं आपटत होता. घाईत त्याने आवाज कमी करायच्या जागी वाढवला. काकींनी एक बोंबील उचलला, उजेडात धरून बघितला, टोपलीत ठेवला आणि म्हणाल्या, "भाऊ, ताईंना सांगा, झाकण घट्ट आहे का बघून घेतलं होतं मी." त्यांच्याकडून येणारी सुकेळी यंदा आली नाहीत.

क्रूझ कंट्रोलबद्दल फार बोलत नाही. ते मी एकदाच वापरलं, मनोरच्या पुढे हायवेवर, आणि पाय कुठे ठेवायचा ते न कळून मांडी घातली. हिने किंचाळून उतरवायला लावली. पण ते शोधून काढणारा माणूस मला फार जवळचा वाटतो. राल्फ टीटर हे अमेरिकन इंजिनिअर लहानपणापासून अंध होते. त्यांचा वकील गाडी चालवताना बोलू लागला की वेग कमी करायचा आणि ऐकू लागला की वाढवायचा. त्या हिसक्यांना वैतागून टीटरनी वेग एकसारखा ठेवणारं यंत्र केलं, असं सांगतात. 1950 मध्ये पेटंट मिळालं, 1958 च्या क्रायसलर गाड्यांत ते आलं. माझे साडू तस्से चालवतात. फरक इतकाच की ते ऐकतच नाहीत, त्यामुळे आम्ही सगळीकडे उशिरा पोचतो.

आता चावी. हिला चावी म्हणणंच चूक आहे. ती कशात घालायची नसते, फिरवायची नसते. ती नुसती आसपास असावी लागते, देवासारखी. रविवारी आगाशीहून आल्यावर हिने गाडी लॉक केली आणि चावी पर्समध्ये टाकली. सोमवारी सकाळी मी हिला नालासोपारा स्टेशनला सोडायला निघालो. पर्स गाडीत, म्हणून चावी गाडीत, म्हणून गाडी बिनबोभाट चालू झाली. स्टेशनला ही उतरली. गाडी टिं टिं टिं म्हणाली, पडद्यावर काहीतरी इंग्रजी उमटलं. चष्मा लावेपर्यंत ते गेलं. टिं आता मला पाखरांच्या किलबिलाटासारखा झाला होता. मी निघालो. चालू झालेली गाडी चावी गेली म्हणून मध्येच बंद पडत नाही; ते धोक्याचं असतं म्हणून तसं केलेलं असतं. निर्मळ नाक्याला भाजी दिसली. थांबलो. इमानदारीत इंजिन बंद केलं.

मेथीच्या दोन जुड्या घेऊन आलो, बटण दाबलं. गाडीला माझी ओळखच नाही.

हिला फोन लावला. उचलेना. सकाळच्या चर्चगेट लोकलमध्ये बायकांच्या डब्यात फोन काढायला आधी स्वतःचा हात कुठला ते शोधावं लागतं. सहाव्यांदा उचलला.

"अहो, काय आहे?"

"चावी तुझ्याकडे आहे."

"मग?"

"कुठे आहेस?"

"भाईंदरची खाडी गेली."

चावी वसईची हद्द सोडून गेली होती. मीरा रोडला उतर म्हटलं, तर पाठीमागून दोन बायकांचे आवाज आले. त्या गाडीतून बोरिवलीच्या आत उतरायचा विचार करणाऱ्यांबद्दल त्यांचं स्पष्ट मत होतं. फोन बंद झाला.

गाडी अर्धी रस्त्यात. मागे रिक्षांची रांग. सल्लागार जमले. एक म्हणाला बॅटरी उतरली. दुसरा म्हणाला ढकला. ढकलायला गेलो तर स्टिअरिंगने मान अडकवून घेतलेली. एक निवृत्त मास्तर होते, ते म्हणाले, "आमच्या वेळी असं नव्हतं," आणि हाच एक सल्ला मला मनापासून पटला. भाजीवाली मावशी म्हणाली, "भाऊ, मेथी गाडीत ठेवू नका, सुकेल." तिने ती परत घेऊन पाणी मारून ठेवली.

दुसरी चावी घरी होती. रिक्षाने घरी गेलो. कपाटात नाही, खणात नाही. आई म्हणाली, "देवघरात आहे. पाडव्याला पूजेला घेतली होती ना दोन्ही, एक तू उचललीस, ही तिथेच राहिली." चावी शाळिग्रामाच्या शेजारी, तांबडी लाल, वर सुकलेलं फूल. बटणांच्या फटींत काहीतरी पिवळसर घट्ट बसलेलं.

"आई, हे काय आहे?"

"पंचामृत. नुसतं कुंकू लावून पूजा होते का रे?"

दूध, दही, तूप, मध आणि साखर. नाण्याएवढा सेल असतो आत, तो केव्हाच वैकुंठाला गेला होता. तरी ती घेऊन गेलो, जायचं आणखी कुठे होतं? बटण दाबलं, गाडी ढिम्म. सल्लागारांची संख्या दुप्पट. तेवढ्यात परतीच्या रिक्षाचा पोरगा, वीस-बावीसचा असेल, म्हणाला, "काका, चावी बटणाला टेकवा आणि मग दाबा." टेकवली. चिकटलीच. दाबलं. गाडी चालू! मागच्या रिक्षावाल्यांनी टाळ्या वाजवल्या. चावीच्या पोटात एक चिप असते, तिला सेल लागत नाही. बटणाजवळच्या तारेच्या वेटोळ्यातून तिला पुरेल एवढी वीज मिळते आणि ती आपलं नाव सांगते. पोराने हे रिक्षा वळवता वळवता समजावलं. डिलिव्हरीच्या पंचेचाळीस मिनिटांत यातलं काही होतं का, मला आठवत नाही. बहुतेक मी तेव्हा मान हलवत होतो.

घरी आल्यावर आईला सांगितलं. चिपचा भाग तिने ऐकला नाही. "अभिषेक केलेली होती म्हणून चालली," म्हणाली. संध्याकाळी हिने आणलेली, बोरिवली, अंधेरी, चर्चगेट फिरून आलेली कोरडी चावी तिने शांतपणे देवघरात नेली.

एवढ्या सगळ्यात एक टिं असा होता, की तो कुणालाच उलगडला नाही. अगदी बारीक, दोनदा, टीक-टीक. गाडी चालू असो, बंद असो, कधी होईल सांगता येत नसे. सर्व्हिसला दोनदा नेली. तिथे गाडीला लॅपटॉप जोडला, गाडीने आपली तब्येत उत्तम असल्याचं सांगितलं. पहिल्या खेपेला सॉफ्टवेअर अपडेट झालं आणि बिल झालं. दुसऱ्या खेपेला म्हणाले, "काका, आवाज आला की व्हिडिओ काढा." मी आठवडाभर फोन पुढे रोखून अंगणात उभ्या गाडीत बसत होतो. आवाज लाजरा होता. काकींनी एवढंच विचारलं, "भाऊ, घरात काही झालंय का?" म्हणजे बोलू लागल्या होत्या.

एप्रिलातल्या एका दुपारी आईला घेऊन निर्मळवरून येत होतो. चर्चची बाराची घंटा सुरू झाली आणि गाडीत टीक-टीक.

"थांब," आई म्हणाली. "परवा बँकेत निघालो तेव्हा अकराला वाजलं होतं. हे तासाला वाजतं रे."

मी गाडी बाजूला घेतली. आईने चप्पल काढली, वाकली, माझ्या सीटखाली कोपरापर्यंत हात घातला. आधी हिची पिन निघाली, मग दोन शेंगा, मग पाडव्याच्या केकवरची मेणबत्ती, आणि मग पट्टा तुटलेलं माझं डिजिटल घड्याळ. गाडी आली त्याच आठवड्यात हरवलेलं. मी त्याबद्दल मुलाच्या मित्रांवर संशय घेऊन बसलो होतो. पाच महिने, दोन सर्व्हिसिंग आणि एक अपडेट खाऊन ते दर तासाला इमानाने वाजत होतं. त्यात बारा वाजून एक मिनिट. गाडीच्या पडद्यावर सहा एकतीस.

ते आता आरशाला टांगलं आहे, लिंबू-मिरचीच्या शेजारी. पुढच्या सर्व्हिसला तिथल्या मुलाने बघितलं आणि त्याला माझी दया आली. "काका, पडद्यावरची वेळ मी दोन मिनिटांत लावून देतो." मी हो म्हणणार, तेवढ्यात मागून आई म्हणाली, "हात लावू नको त्याला. ते नातीचं घड्याळ आहे. तिकडे किती वाजले ते बघून मी फोन करते."

खरंच करत होती. पाडव्यापासून, रोज, अंगणात जाऊन गाडीत डोकावून. हिवाळाभर सगळं जमलं. मग मार्च संपताना लंडनवाल्यांनी आपली घड्याळं तासभर पुढे केली, ते गाडीला कुणी कळवलं नाही. आता आईचा फोन भाचीला तिच्या पहिल्याच लेक्चरच्या मधोमध जातो, आणि आई आम्हाला सांगते, "पोरगी हल्ली फार कुजबुजत बोलते. तिकडची थंडी बाधली वाटतं."